दादांच्या वजनाचा पाळणा

सोफेवाल्यांच्या घरात जिन्याला फारसा मान नव्हता. खाली दुकान, दुकानामागे राहायच्या खोल्या, वर कारखाना, आणि मधला जिना इतका उभा की चढताना गुडघा हनुवटीला भेटून येई. सोफा काही त्या जिन्यावरून उतरणाऱ्यातला नव्हता. म्हणून मागच्या भिंतीला पहिल्यापासून एक पाळणा होता. पाळणा म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेली लाकडी फळी, वर छताला मोठी कप्पी, कप्पीवरून गेलेला मनगटाएवढा दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांनी भरलेली पेटी. मोटार नाही, बटण नाही. पेटी खाली आली की फळी वर, फळी खाली आली की पेटी वर. दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या असल्या की दोराला नुसता हात लावायचा. सोफा स्वतःच्या पायांनी निघाल्यासारखा चालू लागे.

सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हापासून पाळण्याला रोजचा उतारू मिळाला. त्यांना सगळे दादा म्हणत. आता घरी बसा, असं मुलाने सांगून पाहिलं. "घरी बसून काय करू? तुझं तोंड पाहू? ते पाहूनच तर मी वर जाऊन बसायला लागलो," दादा म्हणाले, आणि विषय मिटला. मग एका सुट्टीच्या दिवशी दादा फळीवर स्टूल टाकून बसले आणि मुलाने पेटीत एकेक ठोकळा घालत त्यांना तोललं. काटा बरोबर जमला तेव्हा पेटीचं झाकण तारेने आवळून बंद केलं. "हे माझं वजन," दादा म्हणाले. "याला कोणी हात लावायचा नाही." माल उतरवायचा असला की जादा ठोकळे बाहेरच्या आकड्यांना अडकवायचे आणि काम झालं की काढून ठेवायचे. पेटीतलं लोखंड मात्र दादांचं. इतर घरांत वडिलांचा फोटो मोठा करून लावतात. या घरात वडिलांचं वजन लोखंडात करून टांगलं होतं.

दोर सांभाळायचं काम सुनेकडे होतं. ती पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेने तिचा वर्ग बंद केला, तशी ती दुकानात कव्हरं कापायला बसली, पण दादांनी तिचं मास्तरीणपण काढून घेतलं नाही. "मास्तरीणबाई, सोडा," एवढं म्हणून ते रोज सकाळी वर जात. नवराही मग तिला चारचौघांत मास्तरीण म्हणायला लागला, आणि वरचा पॉलिशवाला तेवढा वहिनी म्हणत राहिला, कारण त्याला चहा तिच्याकडूनच मिळायचा.

तिचं कापायचं टेबल पाळण्याला लागूनच होतं. टेबलाशेजारी जमिनीलगत एक लाकडी दांडा होता; तो दाबून पायाने कडीत अडकवला की दोर आवळला जाई आणि पाळणा जागचा हलत नसे. कडी सोडली की दोर मोकळा. रात्रभर फळी खाली आणि पेटी वर असे. म्हणजे दादांच्या वजनाचं ते लोखंड रात्रभर, आणि सकाळी दादा येऊन बसेपर्यंत, तिच्या टेबलाच्या अंगाला छताजवळ लटकत असे. जाळी होती मध्ये. पण जाळी कोंबड्यांना अडवायची असते तशी होती.

शाळेत ती हाच धडा डस्टर घेऊन शिकवायची. डस्टर डोक्याएवढं उंच धरायचं आणि विचारायचं, "यात आता ऊर्जा आहे का?" मुलं म्हणायची, नाही, ते तर गप्प आहे. मग बोटं सोडायची. डस्टर टेबलावर आपटायचं, खडूचा धूर उडायचा, पहिल्या बाकावरची मुलं शिंकायची. "गप्प होतं तेव्हाही होती. उंचावर ठेवल्यामुळे मिळाली होती. ती स्थितिज. पडताना झाली ती गतिज." मुलं हसत लिहून घ्यायची. तीही हसायची. इतकी वर्षं शिकवलं, पण डस्टरची भीती वाटावी असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते साहजिकच होतं. डस्टर नेहमी तिच्या हातात असे, डोक्यावर नसे.

एका सकाळी कडी सोडल्यावर दोर तिच्या आधी निघाला.

फार नाही. ती ओढायला हात वर नेत होती आणि दोर आधीच हातातून सरकू लागला, एवढंच. दादा वर पोचले, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, रोजचा दिवस सुरू झाला. पण तिच्या तळहाताला ते कळलं होतं, आणि तळहात गप्प बसेना.

"अहो, पाळणा हलका लागतोय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"ग्रीस घातलंय मी कप्पीला. कौतुक करायचं सोडून तक्रार."

ग्रीस घातलं होतं हे खरं. ती दिवसभर ग्रीसवर विश्वास ठेवून कापत बसली. संध्याकाळी दादांना उतरवताना दोर जड लागला. जवळजवळ लोंबकळावं लागलं तेव्हा फळी खाली आली. हात पुसता पुसता ती थांबली. ग्रीसला वर आणि खाली कळत नाही. ग्रीसने जायचं सोपं झालं तर यायचंही सोपं व्हायला हवं. एकीकडे सोपं आणि एकीकडे अवघड, याचा अर्थ तिने शेकडो पोरांकडून फळ्यावर लिहून घेतला होता. पेटी तीच होती. फळी तीच होती. स्टूल तेच होतं.

तिने दादांकडे पाहिलं. ते चपला शोधत होते. शर्ट नेहमीचा, ढगळ. ढगळ कपडे घालणाऱ्या माणसाचं हे एक असतं, आतलं काय कमी झालं ते कापड सांगत नाही.

"दादा, जेवलात ना नीट?"

"डबा बघ की. धुतल्यासारखा आहे."

डबा खरंच धुतल्यासारखा होता. रोजच असे. दादा दुपारी वरच, आपल्या पाटाशी बसून जेवत. सासूबाई असत्या तर त्यांनी समोर बसून घास मोजले असते. त्या गेल्यापासून घास मोजणारं कोणी नव्हतं, आणि रिकामा डबा हा एवढाच काय तो पुरावा होता.

पण एकदा भीतीने घरात पाय ठेवला की ती एका खोलीत राहत नाही. मास्तरणीला आता जिथे तिथे डस्टर दिसायला लागलं. फडताळाच्या वरच्या फळीवरचं पितळी पातेलं. दुकानाच्या शटरच्या पोटात गुंडाळलेली स्प्रिंग. गच्चीवरची भरलेली टाकी, जिच्याखाली सगळे निवांत झोपायचे. कुकरसमोर ती शिट्टी होईपर्यंत दाराआड उभी राहू लागली. दादा वर सोफ्याच्या स्प्रिंगा दाबून सुतळीने बांधत, त्या नवऱ्याने उघड्या खाली आणून ठेवल्या तेव्हा ती टेबल सोडून लांब जाऊन बसली.

"बांधलेल्या आहेत त्या," नवरा म्हणाला.

"म्हणूनच."

"अगं, मग आता माणसानं बसायचं तरी कुठं? जमिनीवर? का जमिनीतही काही भरून ठेवलंय?"

तिने पातेलं खाली काढून ठेवलं. शटरचं आणि टाकीचं तिच्या हातात नव्हतं. दादांच्या बाबतीत तिने एकदा धीर करून म्हटलं, "एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, सहज." दादा म्हणाले, "सहज डॉक्टरकडे जाणारी माणसं सहज परत येत नाहीत, मी पाहिलंय." त्यांचे थोरले भाऊ तसे गेले होते. खोकला दाखवायला म्हणून गेले, आणि घरी त्यांच्या नुसत्या चपला आल्या.

मग पुढच्या आठवड्यात पाळणा सुधारला.

सकाळी तिने कडी सोडली आणि दोर जागच्या जागी राहिला, शहाण्या बैलासारखा. तिने ओढला तेवढाच आला. संध्याकाळीही तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिला इतकं हलकं वाटलं की तिने दुपारच्या चहात पॉलिशवाल्यालाही जास्त साखर घातली. दादा सावरले. आपणच मेले उगाच धास्तावलो. पातेलं पुन्हा फडताळावर गेलं.

या दिवसांत आणखी दोन गोष्टी घडत होत्या. एक म्हणजे दादा आता हातात पिशवी घेऊन वर जात. जाड कापडाची, सोफ्याच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेली. "हत्यारं," ते म्हणायचे. दुसरी म्हणजे पॉलिशवाला अंगाने भरत चालला होता. पूर्वी त्याला पाहून वाटायचं की हा खुर्चीला पॉलिश करतोय का खुर्ची याला. आता त्याच्या शर्टाची बटणं पोटावर ताणली होती आणि गालांवर तुकतुकी आली होती. मास्तरणीने दोन्ही पाहिल्या. ती पाहणाऱ्यातलीच होती. कोणाच्या लग्नात कोणी कोणती साडी दुसऱ्यांदा नेसली हे तिला विचारावं. पण दोन गोष्टी दोन कोपऱ्यांत होत्या, आणि मधे बेरजेचं चिन्ह घालायला तिला भीतीच्या सुट्टीत वेळ झाला नाही.

ती सकाळ आली तेव्हा बाहेर ऊन होतं आणि नवरा दुकानात एका गिऱ्हाइकाला रेक्झिनचे रंग दाखवत होता. दादा पिशवी घेऊन आले. चालताना ते एका अंगाला झुकले होते. फळीवर चढून स्टुलावर बसले, कपाळाचा घाम पुसला, आणि पिशवी पायाशी टेकवली. पिशवीचा बंद चौकटीबाहेर लोंबत राहिला. वर जाताना अडकला असता.

"द्या इकडे ती," मास्तरीण म्हणाली. "मी जिन्यानं पाठवते."

"राहू दे. राहू दे ती, अगं—"

पण तिने पिशवीचे बंद धरून ती बाहेर ओढलीही होती, आणि रोजच्या सवयीने पाय कडीकडे गेला होता. पिशवी फळीवरून सुटून तिच्या हातांत आली तेव्हा खांदे खाली ओढले गेले. एवढी जड? डोक्यात हा प्रश्न उमटला आणि पायाने कडी उडवली, या दोन गोष्टी एकदमच झाल्या. पायाला विचार करायची सवय नव्हती.

दोर सुटला.

तो सरकला नाही, धावला. दादांचं तोंड तिच्यासमोरून वर गेलं, मग त्यांचे गुडघे, मग स्टुलाचे पाय, आणि जाळीपलीकडून पेटी खाली येताना दिसली, काळी, आधी सावकाश आणि मग सावकाश नाही. कप्पीचा आवाज चढत गेला. तिने दोर धरायला हात घातला आणि तळहाताचं कातडं दोराबरोबर निघालं. हात सोडून तिने दांड्यावर अंग टाकलं, पोटाखाली दांडा, दोन्ही पाय हवेत. दोर लाकडात घासू लागला. जळक्या सुतळीचा वास आला. तिला कळत होतं, पूर्ण वाक्यात कळत होतं, की आता याला अडवायचं म्हणजे त्याने कमावलेला सगळा वेग कुठेतरी घालवायचा, या दोरात, या लाकडात, तिच्या पोटात, आणि जे उरेल ते वर तुळईखाली दादांच्या डोक्यात. पेटी जमिनीवरच्या जुन्या टायरवर आदळली. भिंत हलली. वर काहीतरी उलटून पडलं. फडताळावरचं पितळी पातेलं खाली आलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

मग तेही थांबलं.

"दादा?"

तिला वाटलं, आपण आता वर पाहू शकणार नाही, कधीच नाही. तिने दांडा कडीत अडकवला आणि वर पाहिलं. फळीच्या कडेवरून पॉलिशवाल्याचं गोल तोंड खाली डोकावलं.

"वहिनी, आहेत. मी दंड धरलाय. फळीवरच बसलेत, स्टूल पडलं फक्त. पण बोलत नाहीत."

त्यावर वरून एक खोकला आला. लहानसाच. तिने आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला खोकला.

नवरा धावत आला, मागे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या हातात अजून रेक्झिनचा तुकडा. "काय केलंस? कडी कशी सुटली? झोपेत होतीस का?"

रक्ताळलेल्या हातांनी तिने पिशवी टेबलावर चढवली आणि उलटी केली. हातोड्यांची मुंडकी, दांड्यांशिवाय. जुनी लोखंडी इस्त्री. रुळाचा एक कापलेला तुकडा. गंजलेल्या खिळ्यांचा डबा, झाकणावर चिकटपट्टी. टेबल करकरलं. गिऱ्हाईक म्हणालं, मी नंतर येतो, आणि रेक्झिनसकट गेलं.

"हे वर कशाला न्यायचं?" नवरा म्हणाला. "वर लोखंड काय कमी आहे?"

"हे न्यायचं नव्हतं. फळीवर ठेवायचं होतं."

"म्हणजे?"

"पाळणा हलका लागतो म्हणाले मी. तुम्ही ग्रीस म्हणालात. दादांनी ऐकलं." ती फळ्यापुढे उभी राहिल्यासारखं एकेक सांगत होती. "त्यांचं वजन कमी झालं, पेटीचं झालं नाही. उरलेलं त्यांनी पिशवीत घातलं. रोज. म्हणजे आपल्याला कळू नये."

नवऱ्याने इस्त्री उचलली आणि खाली ठेवली. मग रुळाचा तुकडा. तो उचलताना त्याचं तोंड बदललं. सोफेवाल्याच्या हाताला वजन कळतं, कितीही नाकारायचं म्हटलं तरी.

"डबा तर रोज संपतो," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. "भाऊ, तुमच्या शर्टाची बटणं कधी बदलली शेवटची?"

पॉलिशवाल्याचं तोंड आत गेलं. मग आवाज आला, तोंडाशिवाय. "तेच म्हणायचे खा, वहिनी. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी झाकण उघडलं."

"गप्प बस रे," दादांचा आवाज आला. पहिल्यांदाच. "खाल्लंस ते खाल्लंस, आता वर पावती देतोस." थांबून ते म्हणाले, "मास्तरीणबाई, पिशवी पाठवा वर. मी संध्याकाळी उतरतो. झालं ते झालं."

"पिशवी येणार नाही."

"मग मी उतरू कसा?"

प्रश्न बरोबर होता. दादा एकटे फळीवर बसले तर पेटी जागची उठणार नव्हती. ते वरच राहणार होते. जिना त्यांच्या गुडघ्यांचा नव्हता.

"डॉक्टरकडे जायला उतरणार असाल तर उतरवते," ती म्हणाली.

"आणि नाहीतर?"

"नाहीतर वर गादी पाठवते."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. एरवी त्याच्या वडिलांशी कोणी असं बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने स्वतः तर स्वप्नातही नाही.

मग दादा बोलले, इतकं हळू की खाली सगळ्यांना कान टवकारावे लागले. "घास उतरत नाही गं. इथं अडकतो. बरेच दिवस झाले. मला माहीत आहे ते काय असणार. पण जोवर कोणी नाव घेत नाही तोवर ते नुसतं टांगलेलं आहे. टांगलेलं आहे ना, मग राहू दे की टांगलेलं. पेटीसुद्धा राहतेच की रात्रभर."

शाळेत असा प्रश्न आला असता तर तिने शाबासकी दिली असती. आता तिची नजर कडीवर गेली.

"पेटी कडीवर राहते, दादा. तुमच्या त्या टांगलेल्याला कडी कुठे आहे? आणि ते नुसतं टांगलेलं नाहीये. रोज वर चढतंय. जेवढं वर जाईल तेवढ्या जोरात येईल."

"घाबरवतेस मला?"

"मीच घाबरलेय. एकटीनं घाबरणं नाही झेपत आता, बास झालं."

वर कोणीतरी नाक ओढलं. ते पॉलिशवाल्याचं असावं.

"काढ मग," दादा म्हणाले. हे मुलासाठी होतं. "तार काढ पेटीची."

नवरा पेटीपाशी बसला, पण पक्कड हातात घेऊनही त्याला तार तोडवेना. ज्याला हात लावायचा नाही असं लहान पोरासारखं पाळलं होतं, त्याला हात लावायचा होता. शेवटी मास्तरणीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती तोडली. पेटी आता जमिनीवर होती, निर्धास्त. होतं नव्हतं ते सगळं तिने खाली येताना खर्च केलं होतं. त्याने एक ठोकळा काढला. मास्तरणीने कडी सोडून दांडा अगदी केसभर सैल केला. पेटी हलली नाही. दांडा परत घट्ट. आणखी एक ठोकळा. दांडा सैल. पेटी नाही हलली.

"एकानं व्हायला हवं होतं," नवरा म्हणाला.

तिसरा निघाला. मग चौथा.

आता भीतीने बाजू बदलली होती. इतके दिवस लोखंड वर आणि ती खाली होती. आता दादा वर होते. पेटीतून निघणारा प्रत्येक ठोकळा पेटीला हलकं करत होता, आणि एक जास्त निघाला तर पेटी उडणार आणि फळी, तिच्यावर बसलेला माणूस, सगळं खाली येणार होतं. डस्टर वर होतं, आणि बोटं तिची होती. तिने दांड्याला ओढणी गुंडाळली, म्हणजे हाताच्या रक्ताने तो निसटू नये.

टेबलावरच्या पिशवीएवढं लोखंड जमिनीवर जमलं. हिशेबाने इथे पेटी उठायला हवी होती. तिने दांडा सैल केला. पेटी कुरकुरली, दोर ताणला, आणि एका बोटाने ढकलावी इतकी हलकी पेटी फळीला समतोल झाली. नवऱ्याने सुस्कारा सोडला.

ती मात्र वर पाहत होती. दादा उभ्या केलेल्या स्टुलावर परत बसले होते, पाय जवळ घेऊन. त्यांच्या कामाच्या एप्रनचे खिसे खाली लोंबत होते. सोफेवाल्याचे खिसे लोंबतातच. तिने पुन्हा दांडा आवळला.

"दादा, खिशात काय आहे?"

दादांचे हात खिशांवर गेले.

"ते पॉलिशवाल्याकडे द्या."

मग वरच्या फळ्यांवर आवाज झाला. टण. थोड्या वेळाने पुन्हा, टण. मग लहान लहान खूप, खिळ्यांची मूठ ओतावी तसे. मग आणखी एक जड. नवऱ्याने प्रत्येक आवाजाला मान खाली घातली, जणू त्याच्या डोक्यावर पडत होतं. आवाज थांबले तेव्हा त्याने न सांगता पेटीत हात घातला आणि आणखी लोखंड काढू लागला. पिशवीएवढ्या ढिगावर दुसरा ढीग चढला.

"आता," ती म्हणाली. "तुम्ही दोर धरा. गोणपाट घ्या हाताला. मी सोडते. झेपला नाही तर बोला, गप्प राहू नका."

"तू सोडतेस ना?"

"मीच सोडते."

तिने दांडा उचलला, केसभर, मग आणखी केसभर. पेटी जमिनीवरून उठली. वर फळी हलली. दादांनी चौकट धरली. बोटांची पेरं पांढरी दिसत होती. पाळणा खाली येऊ लागला, इतका सावकाश की तिला मधला प्रत्येक क्षण वेगळा भोगावा लागला. दादांचे पाय, गुडघे, मग रिकामे लोंबणारे खिसे, मग तोंड. शेवटचा हातभर राहिला तेव्हा दोर थोडा धावला, नवऱ्याने "ए, ए" म्हणत आवळला, आणि फळी जमिनीला टेकली.

दादा लगेच उठले नाहीत. ते ढिगाकडे पाहत होते. सोफ्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाने कोणाचा सोफा पाहावा तसं, कुठे खचलंय, किती भरलं होतं, असं.

"एवढा?" ते म्हणाले.

मुलगा टेम्पो काढायला गेला.

मास्तरणीने आधी दांडा दाबून कडी लावली आणि मग दादांना हात देऊन फळीवरून उतरवलं. ते इतके सहज उठून आले की तिला पुन्हा भीती वाटली. पेटी वर लटकत होती, आता हलकी, तरी रिकाम्या फळीला उडवून लावायला पुरेशी. नवरा परत येऊन ढीग उचलायला लागला, मांडणीवर ठेवायला. घाबरला की त्याला आवराआवर सुचायची.

"तो फळीवरच ठेवा," ती म्हणाली. "फळी दबलेली राहील. आणि परत पेटीत घालायचाय ना."

दादांनी चप्पल पायात सरकवली. "घालायचाय म्हणतेस?"

ती एरवी कोणत्याही प्रश्नाला लगेच उत्तर द्यायची. आता ती वाकली, कडी ओढून पाहिली. लागली होती.

"घालायचाय," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन परत आली, आणि कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.